वैमानिकाची पहिली नोकरी: मुलाखतीआधी मांडायचा दिवसांचा हिशेब

हातात सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स), लॉगबुकात दोनशे-सव्वादोनशे तास आणि एअरलाइनच्या मुलाखतीचं बोलावणं. या टप्प्यावर बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात: पगार किती, आणि टेक्निकलला काय विचारतात? दोन्ही रास्त आहेत. पण नोकरी आपल्याला झेपेल का हे पगाराच्या आकड्यावरून कळत नाही. तो आकडा रिलीज झाल्यानंतरचा, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर (लाइनवर) मोकळं सोडल्यानंतरचा असतो, भरपूर तास उडाल्यावरचा असतो आणि कर कापण्याआधीचा असतो. त्याऐवजी दिवस मोजायला बसा. सही केल्यापासून लाइनवर रिलीज होईपर्यंत किती दिवस जातील? महिन्यात किती रात्री नीट झोप मिळेल? उद्या सोडावीशी वाटली तर सुटायला किती दिवस लागतील? यातलं जवळजवळ सगळं मुलाखतीआधीच शोधून काढता येतं.

सुरुवात वाट बघण्यापासून करू, कारण नवीन फर्स्ट ऑफिसरचं (एफओ, म्हणजे सहवैमानिकाचं) सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ऑफर लेटर मिळाल्यावर आधी ग्राउंड स्कूल: सीआरएम (कॉकपिटमध्ये एकमेकांशी मिळून काम करणं), डेंजरस गुड्स, आपत्कालीन प्रशिक्षण, कंपनीचे नियम. मग विमानाच्या सिस्टिम्स आणि परीक्षा. मग सिम्युलेटर, साधारण दहा सेशन, प्रत्येक चार तासांचं, त्यातले दोन तास तुम्ही उडवायचं आणि दोन तास मॉनिटर करायचं. शेवटी स्किल टेस्ट. त्यानंतर बेस ट्रेनिंग, म्हणजे रिकामं विमान घेऊन टच अँड गो, धावपट्टीला टेकून लगेच पुन्हा उडणं. मग डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, फाइल आणि लायसन्सवर एन्डॉर्समेंट, म्हणजे त्या विमानाची नोंद. मग जंप सीटवर (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर) बसून निरीक्षण, मग ट्रेनिंग कॅप्टनबरोबर सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, त्यातल्या सुरुवातीच्या सेक्टर्सना (एकेका उड्डाणाला) मागे सेफ्टी पायलट, म्हणजे गरज पडली तर मदतीला जादा वैमानिक. आणि सरतेशेवटी रिलीज चेक.

कागदावर हे सरळ दिसतं. अडतं ते दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत. ग्राउंड स्कूल संपतं, पण सिमचा स्लॉट मिळत नाही, कारण त्याच सिमवर जुन्या पायलटांचे सहा महिन्यांचे प्रोफिशिअन्सी चेकही व्हायचे असतात आणि कंपनीला ते आधी संपवावे लागतात. बेस ट्रेनिंगला प्रवाशांचं काम करणारं एक विमान काही तास बाजूला काढावं लागतं, आणि सुट्ट्यांच्या हंगामात ते कोणी काढत नाही. एन्डॉर्समेंटच्या फाइलवर शेरा येतो, तो बऱ्याचदा लॉगबुकातली बेरीज आणि अर्जातली बेरीज जुळत नाही म्हणून. आणि सगळ्यात मोठी गाठ ट्रेनिंग कॅप्टनची. ते मोजके असतात आणि नव्या एफओबरोबरच नवे कॅप्टनही त्यांनाच घडवायचे असतात. बॅच चाळीस जणांची आणि लाइन ट्रेनर अपुरे, असं असेल तर शेवटच्या दहा जणांचे महिने सरळ वाढतात. त्यात शेवटच्या लँडिंगला नव्वद दिवस होऊन गेले तर रिसेन्सीसाठी, म्हणजे सराव ताजा असल्याची अट भरण्यासाठी, पुन्हा सिम, म्हणजे पुन्हा स्लॉटची रांग.

या काळात मिळतो तो स्टायपेंड, आणि घरी कर्ज चालूच असतं. पन्नास लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरा: हप्ता सुमारे ६८,९०० रुपये बसतो, आणि पहिल्या महिन्यात त्यातले जवळजवळ ४५,८०० रुपये नुसतं व्याज असतं. हप्ते अजून सुरू झाले नसतील तरी आठ महिने रखडल्यावर साडेतीन लाखांहून जास्त व्याज डोक्यावर चढलेलं असतं. म्हणून दोन ऑफरमधली कमी पगाराची, पण पाच महिन्यांत रिलीज करणारी कंपनी पहिल्या वर्षी तुम्हाला जास्त पैसे देऊन जाऊ शकते. शिवाय तास लवकर साठायला लागतात, आणि या धंद्यात तास हीच खरी ठेव आहे.

रिलीजला किती दिवस लागतात हे एचआर सांगतं त्याहून गेल्या सहा महिन्यांत रिलीज झालेला एफओ नेमकं सांगतो. असे दोन-तीन जण गाठा, वेगवेगळ्या बॅचचे. तीनच तारखा विचारा: जॉइनिंगची, स्किल टेस्टची, रिलीजची. मतं विचारू नका, तारखा विचारा.

इथेच विमानांच्या ऑर्डरचा विषय येतो. एअर इंडियाची फेब्रुवारी २०२३ ची ४७० विमानांची ऑर्डर, इंडिगोची जून २०२३ ची ५०० ची, अकासाची जानेवारी २०२४ ची १५० ची. हे आकडे ऐकले की पायलट कमीच पडणार असं वाटतं. दीर्घ मुदतीत ते खरंही आहे. पण ऑर्डर म्हणजे डिलिव्हरी नव्हे. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांत धातूच्या भुकटीतला दोष उघड झाला आणि चालती विमानं इंजिनाअभावी उभी राहिली. २०२४ च्या शेवटी बोइंगच्या कारखान्यात संप झाला आणि मॅक्स विमानं आणखी लांबली. भरती मात्र जुन्या वेळापत्रकानुसार झालेली असते. मग विमानं कमी आणि पायलट जास्त, असा काळ येतो. त्यामुळे एकूण ऑर्डरचा आकडा बाजूला ठेवा. येत्या बारा महिन्यांत नक्की येणारी विमानं, भाडेकराराची मुदत संपून परत जाणारी आणि सध्या उभी असलेली, ही वजाबाकी करा. उरलेल्या प्रत्येक विमानाला दहा-बारा पायलट लागतात असा ढोबळ अंदाज धरला की तुमची बॅच लवकर उडेल की घरी बसेल याचा सुगावा लागतो.

आता पगाराची रचना. मूळ पगार, उड्डाण भत्ता, नाइट हॉल्टचा भत्ता, पोझिशनिंगचे (ड्युटीसाठी प्रवासी म्हणून दुसरीकडे जाण्याचे) पैसे, हे सगळं बघायचंच. पण आधी शोधायचा तो मिनिमम गॅरंटीचा आकडा. म्हणजे महिन्यात कमीत कमी किती तासांचे पैसे मिळणारच. समजा एका ठिकाणी हमी ७० तासांची आणि दर तासाला २,००० रुपये. दुसरीकडे हमी ४० ची आणि दर २,५००. भरपूर काम असलेल्या महिन्यात, ७५ तास उडालात तर पहिलीकडे दीड लाख आणि दुसरीकडे १,८७,५००. दुसरी चांगली वाटते. पण विमानं उभी राहून तुमच्या वाट्याला तीसच तास आले तर पहिली १,४०,००० देते आणि दुसरी एक लाख. हप्ता फेडायचा असलेल्याने मी तरी पहिलीच निवडावी म्हणेन. चांगला महिना कोणीही निभावतो.

कंपनीची तब्येत बघणं हा यालाच जोडून येणारा भाग. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिन्ही ठिकाणी पायलटांचे पगार अडकले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे तिमाही निकाल वाचता येतात. नोंदलेली नसेल तर पतमानांकन संस्थेचा अहवाल सापडतो का बघा. आणि एक साधी, फुकटची तपासणी जवळपास कोणी करत नाही: ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे दिसतं. पीएफ महिनोन् महिने उशिरा भरला जात असेल किंवा कर्मचाऱ्यांचा आकडा घसरत असेल, तर त्या कंपनीत सिक्युरिटी डिपॉझिट भरून जाऊ नका. डिपॉझिट नसेल तर विचार करता येईल, पण रक्कम भरून नाही.

बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा आणि सोडल्यास रक्कम भरण्याचा करार, वाचताना रकमेपेक्षा त्यातली तारीख महत्त्वाची. पाच वर्षं कधीपासून मोजायची? जॉइनिंगपासून, एन्डॉर्समेंटपासून की रिलीजपासून? रिलीजपासून असेल आणि रिलीजला दहा महिने लागले, तर तुमची पाच वर्षं पाच वर्षं दहा महिन्यांची झाली. पुढे बघा: रक्कम दरवर्षी कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? सिममध्ये नापास झालात तर? मेडिकल गेलं तर? कंपनीनेच काढलं तर? या तीन प्रश्नांची उत्तरं बाँडमध्ये लिहिलेली नसतील, तर वाद झाल्यावर त्या मोकळ्या जागेचा फायदा तुम्हाला मिळेल असं समजू नका. तारीख न टाकलेले चेक किंवा बँक गॅरंटी मागितली असेल तर ते परत कधी मिळणार हे लेखी घ्या. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हे हॉस्टेलमधलं वाक्य विसरा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात नोकरीच्या बाँडची दोन लाखांची रक्कम ग्राह्य धरली. भरपाई वाजवी असावी हे तत्त्व आहेच, पण टाईप रेटिंगवर, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या ट्रेनिंगवर, कंपनीचा खरोखर मोठा खर्च झालेला असतो हेही न्यायालय बघतं.

बाँडच्या जोडीला नोटीस. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार एफओला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. २०२३ मध्ये नोटीस न पाळता गेलेल्या पायलटांविरुद्ध अकासा मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. म्हणजे ‘चार महिने बघू, नाही आवडलं तर दुसरीकडे’ हा बेत इथे चालत नाही. बाँड संपायच्या सहा महिने आधी नोटीस देता येते की बाँड संपल्यावरच, हेही विचारून ठेवा. त्यातच अर्धं वर्ष लपलेलं असतं.

रोस्टरवर मात्र जरा थांबून वाचायला हवं. ओळखीच्या एफओकडून एका पूर्ण महिन्याचं रोस्टर मागा, नाव झाकून. ‘वीकली ऑफ’ लिहिलेल्या चौकटी मोजू नका, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या वेळा बघा. डीजीसीएच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या सुधारित नियमांनुसार आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि त्यात दोन स्थानिक रात्री यायला हव्यात. आता हे बघा: शुक्रवारी रात्री साडेअकराला ड्युटी संपली, पुढची रिपोर्टिंग रविवारी रात्री साडेअकराला. ४८ तास पूर्ण, दोन रात्री पूर्ण, नियम पूर्ण. पण शुक्रवारी विमानतळावरून ठाण्याला घरी पोहोचेपर्यंत एक वाजला. शनिवारची सकाळ झोपेत गेली. रविवारी रात्रभर उडायचं म्हणून दुपारी दोनपासून पडदे लावून पडायचं. कागदावर दोन दिवसांची सुट्टी, घरच्यांच्या वाट्याला शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. अशी चौकट महिन्यात एक असेल तर चालतं. चारही आठवडे तशाच असतील तर ती कंपनी नियमाच्या काठावरून रोस्टर बनवते, आणि ते चुकून होत नाही.

रात्रीची व्याख्याही बदलली आहे. पूर्वी मध्यरात्र ते पाच, आता मध्यरात्र ते सहा. हा एक तास छोटा नाही. मुंबईहून साडेपाचच्या फ्लाइटला साडेचारची रिपोर्टिंग म्हणजे आता रात्रीची ड्युटी: उड्डाणाची मर्यादा आठ तास, ड्युटीची दहा, आणि लँडिंग दोनच, पूर्वी सहा चालायची. त्या फ्लाइटसाठी डोंबिवलीत पिकअप तीनला, उठायचं सव्वादोनला, आणि झोपायला हवं संध्याकाळी सातला, जेव्हा सोसायटीत मुलं खेळत असतात. शरीराला सगळ्यात जड जाणारी वेळ पहाटे दोन ते सहा. सलग दोन दिवस असे आले की तिसऱ्या दिवशी चेकलिस्ट वाचताना ओळ सुटते. नवे नियम जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या नियमांत त्या कंपनीला तात्पुरती सवलत देण्यात आली. म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात डीजीसीएच्या संकेतस्थळावरची लागू असलेली प्रतच वाचून जा. पॅनेलवरचा कॅप्टन हे विचारतो, आणि पाठ केलेली जुनी मर्यादा लगेच ओळखतो.

स्टँडबायबद्दलही विचारा. घरचा स्टँडबाय असेल तर बोलावल्यापासून किती मिनिटांत रिपोर्ट करायचं? नव्वद मिनिटं म्हटलं असेल आणि बेस मुंबई असेल, तर पुण्यात राहून नोकरी करण्याचा विचार सोडा. जुलैत कुर्ला-सायनला पाणी भरलं की कल्याणहूनही ते जमत नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. तेव्हा ‘मुंबई बेस’ म्हणजे सांताक्रूझ, नवी मुंबई की दोन्ही, आणि दोन्ही असेल तर एका ड्युटीला इथून निघून तिथे उतरल्यावर घरी सोडायची गाडी कोणाची, हे विचारल्याशिवाय घराचा भाडेकरार करू नका.

बेसचा प्रश्न घराच्या सोयीपुरता नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला झालेल्या अपघाताचा एएआयबीचा (विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) अहवाल प्रत्येक उमेदवाराने मुलाखतीआधी वाचावा. पावसात, पाठीमागून वारा असताना विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या, धावपट्टीवर बरंच पुढे टेकलं आणि पलीकडे खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण गेले. अहवालात विमान हाताळण्यातल्या चुका आहेतच. पण त्यात असंही लिहिलं आहे की कोझिकोडला २६ फर्स्ट ऑफिसरांमागे नेमणुकीवर एकच कॅप्टन होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट न्यायची असल्याने तिथेच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या निर्णयामागे होती. बेसवर माणसं कशी वाटली आहेत याचा ताण असा थेट कॉकपिटपर्यंत येतो. म्हणून ‘या बेसवर कॅप्टन किती, एफओ किती’ हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही. जिथे कॅप्टन कमी तिथे एफओचे तासही कमी, कारण एफओ एकटा उडत नाही.

याच अहवालात फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटल्याचीही नोंद आहे. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न यातूनच निघतो: कॅप्टन अनस्टेबल अप्रोच (वेग, उंची वगैरे नीट जुळत नसतानाचं उतरणं) पुढे नेतोय, तुम्ही काय कराल? पुस्तकी उत्तर सगळ्यांना येतं: तफावत बोलून दाखवायची, पुन्हा स्पष्ट सांगायचं, गो अराउंड म्हणायचं, प्रतिसाद नसेल तर कंट्रोल घ्यायचा. पण हेच तुम्ही कंपनीलाही विचारून घ्या. एफओने गो अराउंड म्हटल्यावर कॅप्टनला ऑफिसमध्ये बोलावतात का? थकव्याचा रिपोर्ट टाकला की पुढच्या महिन्याचं रोस्टर बिघडतं का? याचं खरं उत्तर तिथे काम करणाऱ्या एफओकडून फोनवर मिळतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या दोन सेकंदांच्या शांततेतूनच कळतं.

जेट की एटीआर (पंख्यांवर चालणारं छोटं विमान), यावर फार विचार करून हातातली संधी घालवणारे खूप आहेत. ए३२० किंवा ७३७ चं रेटिंग असलेल्याला पुढे जास्त दारं उघडतात, पगारही जास्त, हे खरं. पण एटीआर ७२ वर सेक्टर छोटे, लँडिंग जास्त आणि हाताने उडवणं जास्त. गोव्याच्या मोपाहून चालणाऱ्या फ्लाय९१ सारख्या कंपनीची विमानं सिंधुदुर्ग, जळगाव अशा ठिकाणी जातात. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा आयएलएस (कमी दिसत असताना धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा) नसतं आणि कोकणातला आषाढ काय असतो ते सांगायला नको. अशा दोन पावसाळ्यांनी जी नजर येते ती मोठ्या विमानतळांवर यायला वेळ लागतो. कॅप्टन होण्याचा हिशेबही करा: वर्षाला ७५० तास धरले तर २०० वरून एटीपीएलच्या (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सच्या) १,५०० ला जायला पावणेदोन वर्षं. त्यात रात्रीचे, क्रॉस-कंट्रीचे, पीआयसीचे (विमानाचे प्रमुख वैमानिक म्हणून उडवल्याचे) पोटहिशेब वेगळे. कंपनीची अट ३,००० ची असेल तर पावणेचार वर्षं, आणि मग ज्येष्ठता आणि रिकाम्या जागा. कंपनी तरुण आणि वाढती असेल तर ही रांग भराभर सरकते. तुमच्या पुढेच तीनशे एफओ उभे असतील तर तास होऊनही थांबावं लागतं. एटीआरवर पगार कमी असला तरी रांग बहुधा छोटी. दोनशे तासांच्या उमेदवाराने दोन वर्षं ए३२० ची वाट बघत घरी बसण्यापेक्षा एटीआर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेडिकलचा विषय मुलाखतीत काढायचा नाही, पण कराराच्या मसुद्यात शोधायचा. तात्पुरतं अनफिट झालात, म्हणजे पाय मोडला, पाठीचं ऑपरेशन झालं, साखर वाढली, तर किती महिने किती पगार? कायमचं अनफिट झालात तर लॉस ऑफ लायसन्सचा विमा कंपनी देते का, आणि रक्कम तुमच्या शिल्लक कर्जाएवढी तरी आहे का? नसेल तर स्वतःचा विमा नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, मेडिकल स्वच्छ असतानाच घ्यावा.

कोणाला काय विचारायचं हेही ठरवून जा. पगार, बाँड, डिपॉझिट हे एचआरला, आणि लेखी. पॅनेलवरच्या कॅप्टनला ट्रेनिंग विचारा: बॅच किती जणांची, लाइन ट्रेनर किती, सिम कुठल्या शहरात, रिपीट सेशन किती मिळतात. ‘आमचीच कंपनी का’ या प्रश्नाला हाच अभ्यास कामाला येतो. ‘तुमचा बेस मला सोयीचा आहे, पुढच्या वर्षी तिथे विमानं वाढणार आहेत आणि मी तिथे पाच वर्षं राहू शकतो’ हे उत्तर ‘लहानपणापासूनचं स्वप्न’ या उत्तराच्या फार पुढे उभं राहतं, कारण ते तपासता येतं.

आदल्या रात्री फाइल लावताना लायसन्स, एफआरटीओएल आणि आरटीआर (रेडिओवर बोलण्याचे परवाने), क्लास वन मेडिकल आणि इंग्लिश प्रोफिशिअन्सी या पाचही कागदांवरच्या तारखा एका कोऱ्या कागदावर उतरवा. लेव्हल चारचं इंग्लिश तीन वर्षं चालतं, पाचचं सहा. ट्रेनिंगच्या मधेच संपणारं असेल तर आत्ताच परीक्षेची तारीख घ्या. मग लॉगबुकची शेवटची पानं उघडून पीआयसी, क्रॉस-कंट्री, इन्स्ट्रुमेंट आणि नाइट या रकान्यांची बेरीज हाताने पुन्हा करा, आणि अर्जातल्या आकड्यांशी दशांशापर्यंत जुळवून बघा.